महेंद्रगिरीची नेमणूक नाकारू नकोस

पत्र :

आदरणीय ताई,

मी 24 वर्षांची आहे, मेकॅनिकल इंजिनिअर. इस्रोच्या परीक्षेत पहिल्या खेपेला मुलाखतीपर्यंत जाऊन परत आले होते, या खेपेला निवड झाली. घरात सगळे आनंदात आहेत आणि मला मात्र रडू येतंय.

गगनयानची घोषणा झाली तेव्हा मी अकरावीत होते. तेव्हापासून एकच मनात धरलं होतं, की माणसाला अंतराळात पाठवण्याच्या कामाला आपला हात लागावा. बंगळूरचं ह्यूमन स्पेस फ्लाइट सेंटर सुरू झालं त्या बातमीचं कात्रण अजून माझ्या वहीत आहे. नेमणूक तिथेच मिळेल अशी आशा होती, पण पत्र आलं ते तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीचं. ओळखीचा एक सीनियर म्हणाला, "ते इंजिनं पेटवून बघायचं ठिकाण. माणसाचा तिथे काय संबंध? टेस्ट स्टँडवर आयुष्य जाईल."

बाबा म्हणतात, आधी रुजू हो, मग बघू. आईला एवढ्या लांब पाठवायची भीती वाटते. मी विचार करतेय की नेमणूक नाकारून पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यावी. इस्रोची एवढी केंद्रं आहेत, त्यांतल्या नक्की कुठल्या केंद्रात मानवी उड्डाणाचं काम होतं? आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळात गेले तेव्हा टीव्हीवर सारखं ह्यूस्टनचं नाव येत होतं. आपलं ह्यूस्टन म्हणजे बंगळूरच ना?

(माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प द्रव नायट्रोजन वाहून नेणाऱ्या पाइपलाइनवर होता. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, सहज सांगितलं.)

तुमची एक वाचक

उत्तर :

मुली,

आधी मनापासून अभिनंदन. मुलाखतीपर्यंत जाऊन परत यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून अभ्यासाला बसायचं, हे किती जड जातं ते मला ठाऊक आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. रुजू हो. नेमणूक नाकारू नकोस. तुझ्या बाबांचं "आधी रुजू हो, मग बघू" यातलं पहिलं बरोबर आहे. दुसऱ्याबद्दल मात्र माझं वेगळं म्हणणं आहे, कारण महेंद्रगिरीला तू "मग बघू" अशा मनाने गेलीस तर तिथे जे शिकायला मिळेल ते हातचं जाईल.

आता तो मुख्य प्रश्न, मानवी उड्डाणाचं काम होतं कुठे. बंगळूरचं केंद्र 30 जानेवारी 2019 रोजी इस्रोच्या मुख्यालयाच्या आवारात सुरू झालं, ते कात्रण तुझ्याकडे आहेच. त्या वेळी इस्रोने या केंद्राची जी कामं सांगितली ती पाहा : मोहिमेची पहिल्यापासून शेवटपर्यंत आखणी, माणूस अंतराळात जिवंत राहावा म्हणून लागणाऱ्या यंत्रणा, अंतराळवीरांची निवड आणि प्रशिक्षण. आणि त्याच्याच जोडीला हेही सांगितलं होतं, की गगनयानच्या पहिल्या उड्डाणांसाठी हे केंद्र इस्रोच्या आधीपासूनच्या केंद्रांचा आधार घेईल. रॉकेट, इंजिन, कुपी (म्हणजे माणसं बसतात ते क्रू मॉड्यूल), तळ, संपर्क हे सगळं त्या आधारात आलं. म्हणजे बंगळूरच्या त्या इमारतीत माणसाची काळजी वाहिली जाते, पण त्या माणसाला वर नेणारं आणि खाली आणणारं लोखंड देशभर विखुरलेल्या ठिकाणी घडतं आणि तपासलं जातं. तू ज्या पाटीखाली बसायचं स्वप्न पाहिलंस, त्या पाटीखालच्या लोकांचा अर्धा दिवस बाकीच्या केंद्रांशी बोलण्यात जात असणार, याबद्दल मला शंका नाही.

एक कुपी कशी फिरते ते सांगते. पहिल्या मानवविरहित मोहिमेच्या क्रू मॉड्यूलमध्ये द्रव इंधनाची प्रणाली बसवण्याचं काम बंगळूरच्या लिक्विड प्रोपल्शन सिस्टिम्स सेंटरमध्ये झालं. वातावरणात परत शिरताना कुपी सरळ राहावी म्हणून तिच्यावर शंभर न्यूटन जोराचे बारा थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं, असतात, ती ही प्रणाली. जानेवारी 2025 मध्ये ते मॉड्यूल तिथून तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राकडे निघालं, पुढची जोडणी आणि विजेची, इलेक्ट्रॉनिक्सची कामं तिथे व्हायची म्हणून. तिथून पुन्हा बंगळूर, पण या वेळी यू. आर. राव उपग्रह केंद्रात, सर्व्हिस मॉड्यूलशी, म्हणजे कुपीला जोडलेल्या इंजिनांच्या भागाशी, अखेरची जुळणी करायला. आणि मग श्रीहरिकोटा. एकच वस्तू चार दारं ओलांडते. दर दारावर ती कुणीतरी कुणाच्या तरी हाती देतो आणि घेणारा कागद तपासून सही करतो. मला तरी गगनयानचं खरं काम त्या हस्तांतरणांत दिसतं.

रॉकेटचंही तसंच. दोन बाजूंची घन इंधनाची बूस्टर, म्हणजे एचएस200, यांचा आराखडा तिरुवनंतपुरमचा. पण प्रत्येकात दोनशे टनांहून जास्त इंधन भरायचं असतं, ते भरतात श्रीहरिकोटाला, आणि 13 मे 2022 रोजी 203 टन इंधन भरलेलं असं एक बूस्टर जमिनीला जखडून 135 सेकंद जाळून पाहिलं तेही तिथेच. यांच्या कवचाचा एक खंड आपल्या पवईतून गेलेला आहे. मधल्या टप्प्याची विकास इंजिनं आणि वरच्या टप्प्याचं क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवांवर चालणारं, सीई20, यांचा आराखडा लिक्विड प्रोपल्शनवाल्यांचा. आणि ही इंजिनं पेटवून, तापवून, मुद्दाम त्रास देऊन पारखायची जागा कुठली? तुझी. महेंद्रगिरी.

तुझ्या सीनियरचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. "माणसाचा तिथे काय संबंध?" सीई20 चा हिशोब त्याला दाखव. हे इंजिन मानवी उड्डाणासाठी पात्र ठरवायचं, ज्याला आपण सगळे ह्यूमन रेटिंग म्हणतो, तर ते एकूण निदान 6,350 सेकंद चालवून दाखवणं आवश्यक होतं. प्रत्यक्षात चार इंजिनांवर, वेगवेगळ्या परिस्थितीत, 39 वेळा गरम चाचण्या, म्हणजे इंजिन प्रत्यक्ष पेटवून, झाल्या आणि एकूण वेळ भरला 8,810 सेकंद. जवळपास अडीच तासांची आग. अखेरची चाचणी 13 फेब्रुवारी 2024 रोजी महेंद्रगिरीच्याच उच्च उंची चाचणी सुविधेत झाली. जमिनीवरच निर्वात करून, जणू आपण वर पोचलोच आहोत अशा स्थितीत इंजिन पेटतं का, हे तिथे पाहतात. विकास इंजिन 14 जुलै 2021 रोजी सलग 240 सेकंद चालवलं, तेही तिथेच. सर्व्हिस मॉड्यूलच्या इंजिनांची पहिली 450 सेकंदांची चाचणी, 28 ऑगस्ट 2021 ची, तीही तिथलीच. जे इंजिन शेवटी अंतराळवीराला कक्षेतून घराकडे वळवणार ते हेच.

उपग्रह नेणारं इंजिन आणि माणूस नेणारं इंजिन यांत धातूचा फरक फारसा नसतो. फरक असतो तो आपल्याला त्याची किती खोड्यांसकट ओळख आहे यात. नेहमीपेक्षा जास्त दाब आला तर काय होतं? मिश्रण बिघडलं तर? सुरू होताना एखादी झडप थोडी उशिरा उघडली तर? हे प्रश्न उड्डाणात विचारायची सोय नसते. ते टेस्ट स्टँडवरच विचारावे लागतात, आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारावे लागतात.

माझं स्वतःचं एक सांगते. मी अंतराळ खात्यात कधी नव्हते. तीस वर्षं दाबपात्रं, म्हणजे आत मोठा दाब सोसणाऱ्या टाक्या, बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात काढली. नोकरीच्या सुरुवातीला एक पात्र हायड्रो टेस्टला लागलं होतं. पाणी भरलं, पंपाने दाब चढवला, गेजचा काटा ठरलेल्या जागी आणला आणि धरून ठेवला. अर्धा तास धरायचा असतो. मी हातात बॅटरी घेऊन एकेक सांधा बघत फिरत होते. वीस मिनिटं झाली असतील, एका फ्लँजच्या, म्हणजे सांध्याच्या जोडकडीच्या, खालच्या अंगाला पाण्याचा एक मणी दिसला. पुसला. पुन्हा आला. वर पाहिलं तर काटा केसभर खाली सरकला होता. सगळे म्हणाले गॅस्केट बदला. बदलली. मणी पुन्हा आला. शेवटी फ्लँज मोजली तेव्हा कळलं की ती जुन्या ड्रॉइंगप्रमाणे बनली होती. नवी आवृत्ती आमच्या विभागात पंधरा दिवसांपूर्वी आली होती, पण यंत्रावर बसणाऱ्या माणसापर्यंत पोचलीच नव्हती. दोन विभागांच्या मध्ये एक जिना होता फक्त. ड्रॉइंग त्या जिन्यावर अडकलं. सगळ्या सह्या, सगळे शिक्के ठीक होते. खरं बोलला तो पाण्याचा मणी. त्या दिवसापासून चाचणीच्या जागेला कुणी दुय्यम म्हटलेलं मला सहन होत नाही.

आणि तुझ्या बाबतीत तर चाचणीचा माणसाशी अगदी सरळ संबंध आहे. गगनयानच्या रॉकेटच्या टोकावर क्रू एस्केप सिस्टिम आहे. खाली काही बिघडलं तर ती कुपीला रॉकेटपासून ओढून दूर नेते. पण खाली बिघडलं आहे हे ठरवायचं कुणी? अंतराळवीराला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. सेन्सर मोजतात, संगणक मोजमापाची मर्यादांशी तुलना करतो आणि निर्णय घेतो. त्या मर्यादा कुठून येतात? स्टँडवर पेटवलेल्या इंजिनांच्या आकड्यांवरून. मर्यादा फार आवळल्या तर धडधाकट रॉकेट सोडून माणसं उगाच समुद्रात पडतील. सैल ठेवल्या तर पळायची वेळ निघून गेलेली असेल. हे दोन्ही टाळणारी रेघ कुणीतरी ओढायची असते, आणि ती ओढणाऱ्याला इंजिन निरोगी असताना कसं थरथरतं आणि आजारी पडताना कसं, हे दोन्ही माहीत असावं लागतं.

अमेरिकेतल्या स्टेनिस केंद्राचं उदाहरण याला अगदी नेमकं लागू पडतं. मिसिसिपीतल्या दलदलीच्या मुलखात, आवाजासाठी आजूबाजूची गावं उठवून, नासाने 1960 च्या दशकात ते चाचणी केंद्र उभं केलं. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न पाचचे पहिले दोन टप्पे तिथे पेटवून पाहिले जायचे, पुढे स्पेस शटलची मुख्य इंजिनंही तिथेच. 16 जानेवारी 2021 रोजी नव्या एसएलएस रॉकेटचा गाभा तिथे बांधून पेटवला. आठेक मिनिटं चालायचा होता, 67 सेकंदांत संगणकाने बंद केला. रॉकेट बिघडलं नव्हतं. जमिनीवरच्या चाचणीसाठी हायड्रॉलिक प्रणालीच्या मर्यादा मुद्दाम कडक ठेवल्या होत्या, त्या ओलांडल्या गेल्या एवढंच. 18 मार्चला पुन्हा पेटवला, तो 499.6 सेकंद चालला, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये तेच रॉकेट ओरायन यानाला चंद्राकडे घेऊन गेलं. त्या 67 सेकंदांनी किती शिकवलं असेल, विचार कर.

आपल्याकडेही असा एक क्षण तू पाहिला असशील. 21 ऑक्टोबर 2023, श्रीहरिकोटा, टीव्ही-डी1, म्हणजे त्या एस्केप सिस्टिमची उड्डाणातली चाचणी. चाचणीयानाच्या पोटात विकास इंजिन, वर रिकामी कुपी. सकाळी उलट मोजणी पाच सेकंदांवर आली आणि संगणकाने हात आखडता घेतला. दोष शोधून दहा वाजता उड्डाण झालं. सुमारे बारा किलोमीटर उंचीवर एस्केप सिस्टिम कुपीला घेऊन सुटली, कुपी पॅराशूटने किनाऱ्यापासून दहा किलोमीटरवर समुद्रात उतरली आणि नौदलाने ती उचलली. त्या एका सकाळी किती केंद्रं राबत होती मोज. आणि एकूण गगनयानसाठी राबणारे इस्रोबाहेरचे वेगळे : पॅराशूट आग्र्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेचे, अंतराळवीरांची वैद्यकीय निवड बंगळूरच्या हवाई दलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेची, समुद्रातून बाहेर काढायचा सराव कोचीला नौदलाकडे.

आता ह्यूस्टन. टीव्हीने तुझी दिशाभूल केली असं म्हणणार नाही, पण टीव्हीला बोलणाऱ्या माणसांचा चेहरा हवा असतो आणि ह्यूस्टनमध्ये बोलणारी माणसं बसतात. अपोलोच्या काळापासूनची पद्धत अशी, की रॉकेट केनेडी केंद्रातून उडतं, आणि उड्डाण मनोरा ओलांडून ते वर गेलं की त्याच क्षणी सूत्रं फ्लोरिडातून टेक्सासमधल्या ह्यूस्टनकडे जातात. जमीन सोडल्यापासून काही सेकंदांत मालक बदलतो! रॉकेट मात्र अलाबामातल्या मार्शल केंद्राच्या देखरेखीखाली बनलेलं असायचं. शुभांशू शुक्ला 25 जून 2025 रोजी गेले तेव्हा तर आणखी एक दार वाढलं होतं : उड्डाण केनेडीतून, ड्रॅगन यानाचं नियंत्रण स्पेसएक्सच्या कॅलिफोर्नियातल्या कक्षातून, आणि ते जिथे गेले त्या अंतराळ स्थानकाचा कारभार ह्यूस्टनचा. ह्यूस्टनच्या जॉन्सन केंद्रात अंतराळवीरांचं प्रशिक्षण आणि उड्डाण नियंत्रण एकाच आवारात आहे. आपल्याकडे प्रशिक्षण आणि आखणी ह्यूमन स्पेस फ्लाइट सेंटरकडे, यानाचा माग आणि संपर्क इस्ट्रॅककडे. दोन्ही बंगळूरमध्ये आहेत, त्या अर्थाने तुझं म्हणणं निम्मं खरं.

पण केंद्रांच्या गोष्टीतली जी गोष्ट तू कधी विसरू नयेस असं मला वाटतं, ती ह्यूस्टनची नाही. ती 27 जानेवारी 1986 च्या संध्याकाळची आहे. दुसऱ्या दिवशी अमेरिकेचं चॅलेंजर हे स्पेस शटल उडायचं होतं आणि फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली होती. युटातली बूस्टर बनवणारी कंपनी, अलाबामातलं मार्शल केंद्र आणि केनेडीवर हजर असलेली त्यांची माणसं फोनवर एकत्र आली. कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितलं, बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी थंडीत कडक होते, 53 अंश फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे आपल्या साधारण 12 अंशांच्या खाली, उडवू नका. मार्शलकडून त्यावर जोरदार हरकत आली. कंपनीचे लोक थोडा वेळ फोन बाजूला ठेवून आपसांत बोलले, आणि परत आले ते व्यवस्थापकांचा होकार घेऊन. इथपर्यंतचं पुष्कळांना माहीत असतं. मला त्याच्या पुढचं जास्त लागतं. चौकशी आयोगाला आढळलं की अभियंत्यांनी आधी नको म्हटलं होतं हे अंतिम परवानगी देणाऱ्या वरिष्ठांना कुणी सांगितलंच नव्हतं. मार्शलच्या पातळीवर प्रश्न "मिटला" होता, म्हणून तो ह्यूस्टनच्या शटल कार्यालयाकडे आणि मुख्यालयाकडे गेलाच नाही. सकाळी सुटताना तापमान शून्याच्या थोडंच वर होतं. 73 सेकंदांत सात माणसं गेली.

इंजिन तपासणाऱ्याला जे दिसलं ते माणसाला पाठवणाऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे, हे त्यातून मी घेतलं. आणि म्हणून मला वाटतं, ज्या मुलीला अंतराळवीराची एवढी काळजी आहे ती टेस्ट स्टँडवर असणं हे देशाच्या भल्याचं आहे. आलेख वाचताना तुला फक्त दाब आणि तापमान दिसणार नाही, वर बसलेला माणूसही दिसेल. एखादी रेघ खटकली तर तू गप्प बसणार नाहीस. तिथे लागते ती अशी माणसं.

बरं, आता तुझ्या कंसाकडे वळते. द्रव नायट्रोजनची पाइपलाइन, आणि "त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही"! अगं, मुली. सीई20 मध्ये उणे 183 अंशांचा द्रव ऑक्सिजन आणि उणे 253 अंशांचा द्रव हायड्रोजन वाहतो. टाकीतून इंजिनापर्यंत नेताना नळ्या आधी गार कराव्या लागतात, नाहीतर द्रव वाटेतच उकळतो आणि पंपाला वाफ मिळते. हे चिल-डाउन म्हणजे तुझ्या प्रकल्पाचाच विषय, फक्त द्रव दुसरा आणि जबाबदारी कैक पटींनी मोठी. निवड मंडळाने तुझ्या अर्जातली ती ओळ वाचून तुला तिकडे पाठवलं की निव्वळ योगायोगाने, ते मी सांगू शकत नाही. पण मी त्यांच्या जागी असते तर तुला तिथेच पाठवलं असतं.

एका बाबतीत मात्र तुझ्याशी स्पष्ट बोलायला हवं. तुझं मन खरोखर कशात आहे? माणसाला अंतराळात श्वास कसा घ्यायला लावायचा, कार्बन डायऑक्साइड कसा काढायचा, शरीर आणि मन कसं टिकवायचं, अंतराळवीराला कसं तयार करायचं, या प्रश्नांनी तुझी झोप उडते का? तसं असेल तर ह्यूमन स्पेस फ्लाइट सेंटर हीच तुझी जागा, आणि काही वर्षांनी तिकडे बदलीसाठी प्रयत्न करण्यात काही चूक नाही. बदली मिळेलच असं वचन कुणी देणार नाही. जाहिरातीतच लिहिलेलं असतं की नेमणूक देशात कुठेही होऊ शकते. पण तिकडे जाणाऱ्या माणसाच्या पाठीशी स्टँडवरची तीन-चार वर्षं असली, तर त्याच्या शब्दाला वजन येतं. आणि जर तुला फक्त त्या पाटीचं, त्या नावाचं वेड असेल, तर ते वेड महेंद्रगिरीच्या पहिल्या गरम चाचणीला उतरेल. माझा अंदाज आहे की तुझं दुसरं आहे. चुकत असेन तर लिही.

पुन्हा परीक्षा द्यायच्या विचाराबद्दल फार लिहीत नाही. पुढच्या वर्षी निवड झालीच तरी नेमणूक पुन्हा दुसऱ्याच केंद्राची येऊ शकते. एक वर्ष घालवून तीच चिठ्ठी पुन्हा उचलण्यात मला अर्थ दिसत नाही.

आईची काळजी खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस. महेंद्रगिरी तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात, अगदी दक्षिण टोकाशी. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, आणि त्या भागात वारा एवढा की मैलोन्मैल पवनचक्क्या उभ्या आहेत. शहराची वर्दळ नाही, जवळची मोठी गावं नागरकोविल आणि तिरुनेलवेली. आईला सांग की आपल्या सह्याद्रीचीच डोंगररांग खाली तिथवर गेलेली आहे, आणि मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे नागरकोविलला थेट गाडी आहे. पहिल्यांदा तिलाच बरोबर घेऊन जा. तिने तुझी राहायची जागा डोळ्यांनी पाहिली की निम्मी भीती कमी होईल.

तमिळ आजपासून शिकायला लाग. कार्यालयात इंग्रजीवर भागेल, पण स्टँडवर झडपा फिरवणारे, नळ्या जोडणारे तंत्रज्ञ आपसांत तमिळमध्ये बोलतात आणि इंजिनाबद्दलचं निम्मं शहाणपण त्या बोलण्यात असतं. कारखान्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका फिटरने, कुठल्याही साहेबाने नाही. असा माणूस तिथेही असेल. त्याच्याबरोबर पहिल्या आठवड्यातच चहा घे.

रुजू झाल्यावर सुरुवातीचे काही महिने एक वही ठेव. ती कात्रणवाली नको, दुसरी. प्रत्येक चाचणीनंतर दोनच गोष्टी लिही : आज काय अपेक्षेप्रमाणे झालं नाही, आणि ते कुणाला कळवलं. दुसरा रकाना रिकामा राहिला तर घरी जाऊ नकोस.

आणि हो, संमती कळवायची शेवटची तारीख तू पत्रात लिहिली नाहीस. नेमणुकीच्या पत्रावर ती असणार. हे वाचून झालं की आधी ते पत्र काढ आणि तारीख बघ.

तुझी,
ताई